पाणउतारा

मला आयुष्यात पहिल्यांदा फसवलं ते एका बांबूने. १९८९ चा मे महिना होता. मी नऊ वर्षांचा, अंगावर आतेभावाची जुनी चड्डी, तिच्या नाडीला आईने घरूनच दोन गाठी मारून दिलेल्या, आणि खाली आठ फूट पाणी. ‘८ फूट’ हे टँकच्या कठड्यावर लाल रंगात लिहिलेलं होतं. काठावर सर उभे. पांढरी हाफपँट, गळ्यात शिट्टी, हातात माझ्या दुप्पट उंचीचा बांबू. बांबूचं टोक माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर धरून ते म्हणाले, “धर.”

मी धरायला गेलो. टोक वीतभर मागे गेलं. मी पुन्हा हात मारला, टोक पुन्हा वीतभर मागे. सर काठाकाठाने उलटे चालत होते आणि चेहऱ्यावर भाव असे, की आपला या बांबूशी काही संबंध नाही, तो आपोआप सरकतोय. मी गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं, घरच्या देवांची आणि शेजारच्यांच्याही देवांची नावं घेतली. अखेर बांबू हातात आला तेव्हा दुसऱ्या हाताला टँकची समोरची भिंत लागली होती. मी टँकची अख्खी रुंदी पार केली होती, हे मला तेव्हा कळलं.

वर बघितलं. सरांनी मान हलवली. “आलास. म्हैस बरी पवती तुझ्यापेक्षा.”

मी घरी येऊन रडलो. म्हैस ही जनावरांमधली पट्टीची पोहणारी आहे आणि सरांच्या शब्दकोशात याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही, हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

टँक कोणता, ते सांगत नाही. त्याच्या फिल्टरविषयी पुढे दोन शब्द बोलायचे आहेत आणि माझ्या मुलीचं नाव अजून तिथल्या हजेरीपटावर आहे. पुण्यात ‘मी टँकवर जातो’ एवढं म्हटलं तरी पुरतं, तेवढंच इथेही पुरावं.

सर मूळचे सांगलीकडचे, कृष्णाकाठच्या गावातले. त्यांच्या लहानपणी तिकडे पोहायला शिकण्याची पद्धत सोपी होती. पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचा बिंडा पोराच्या पाठीला बांधायचा आणि चुलत्याने त्याला विहिरीत ढकलायचं. चारआठ दिवसांनी बिंडा सोडायचा आणि पुन्हा ढकलायचं. मधल्या काळात पोराला काही समजावून सांगण्याची प्रथा नव्हती. ज्यांच्याकडे बिंडा नसे ते वाळलेले भोपळे वापरत. तसल्याच भोपळ्यांची सांगड करून तिकडची माणसं पुरात कृष्णा ओलांडायची. आपण हल्ली चर्चासत्रांतून ‘परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड’ घालतो, पण खरी सांगड भोपळ्यांची असते, असं सर एकदा म्हणाले होते. चर्चासत्रातही भोपळेच असतात, हे मी म्हणालो नाही.

दहावीला गणिताने दगा दिल्यावर सर पुण्याला आले, एका कारखान्यात प्रेसवर लागले आणि सेकंड शिफ्ट असल्यामुळे सकाळी टँकवर पोहायला येऊ लागले. पासाचे पैसे नसत. मग टँकच्या मॅनेजरशी तोडगा निघाला: पोहा फुकट, पण कुणी बुडायला लागलं तर काढा. अशा तऱ्हेने ते जीवरक्षक झाले. कारखाना बंद पडला, टँक चालू राहिला. पुढे एन.आय.एस.चा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा कोर्स करून सर्टिफिकेट घेऊन आले आणि कोच झाले. त्या कोर्सातून त्यांनी सर्टिफिकेटशिवाय एक शब्दही आणला: टेकनिक. तेव्हापासून चुलत्याने विहिरीत ढकलण्यालासुद्धा ते टेकनिकच म्हणू लागले. नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. ती अजूनही अकरा महिन्यांचीच आहे. “सर, रिटायर कधी होणार?” असं कुणी विचारलं की ते म्हणतात, “परमनंट झालो न्हाय, रिटायर कुठनं हुणार?”

सरांची शिकवण्याची पद्धत एका शब्दात सांगायची, तर पाणउतारा. मराठीत हा शब्द बहुधा त्यांच्यासाठीच तयार झाला असावा, कारण ते आधी पोराला पाण्यात उतरवतात आणि मग उरलेलं करतात. पण मी आता पंचेचाळिशीला आलोय, तीनचार मॅनेजमेंट ट्रेनिंगांतून गेलोय, आणि शपथेवर सांगतो की सरांच्या प्रत्येक शिवराळ वाक्यात जेवढी तांत्रिक माहिती असायची, तेवढी त्या ट्रेनिंगांच्या अख्ख्या फाइलींत नव्हती. “पाय हाण पाय, चूल फुकायलायस का?” याचा अर्थ, पाय गुडघ्यातून नको, मांडीपासून हलव आणि खळबळ पाण्याच्या वर दिसू दे. “हात पाण्यात घालतोयस का पिशवीत भाजी?” म्हणजे पंजा तिरका पडतोय, बोटं आधी आत गेली पाहिजेत. “मान वर करून काय बघतोस, यस्टी चुकायलीय का?” यात तर अख्खं भौतिकशास्त्र आहे. माणसाच्या छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते. मांड्या जड, त्या खाली ओढतात. शरीर म्हणजे पाण्यातला सी-सॉ. डोकं वर काढलं की कंबर खाली गेलीच. हे मला पुढे इंजिनीअरिंगला एका प्राध्यापकाने फळ्यावर चार बाण काढून शिकवलं. तेव्हा मला कळलं की मला ते आधीच येतं. फक्त बाणांच्या जागी एस.टी. होती.

बटरफ्लायची तर वेगळीच गंमत. हा स्ट्रोक मुळात ब्रेस्टस्ट्रोकमधून फुटून निघाला. ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत काही चलाख मंडळी हात पाण्याबाहेरून पुढे टाकायला लागली, भांडणं झाली, १९५२ साली दोघांची वाटणी करून दिली आणि १९५६ च्या ऑलिंपिकपासून बटरफ्लाय वेगळी शर्यत झाली. भाऊबंदकीतून निघालेला असल्यामुळे की काय, या स्ट्रोकमध्ये माणूस पुढे कमी जातो आणि आदळआपट जास्त करतो. सर आमची बटरफ्लाय बघून म्हणायचे, “फुलपाखरू म्हंत्यात ह्याला? आडात कोंबडी पडल्यागत दिसायलंय.”

सरांकडचा पहिला आठवडा मात्र पोहण्याचा नसतो. तो बुडबुड्यांचा असतो. चार फुटांत उभं राहायचं, काठाची नळी धरायची, तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे. वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. आठ दिवस फक्त हेच. या आठवड्यात गॅलरीतल्या आयांचा धीर सुटतो, कारण फी पोहण्याची भरलेली असते. आमच्या बॅचच्या एका बाई खाली उतरून आल्याच. “सर, आठ दिवस झाले, पोरगा नुसता बुडबुडे काढतोय. एवढं तर तो घरी सरबतातसुद्धा काढतो.”

सर शांतपणे म्हणाले, “बाई, दम घ्यायला कुणाला शिकवावं लागत न्हाय. सोडायला शिकवावं लागतंय.”

खरं तर ते साध्या पोहण्याविषयी बोलत होते. नवशिका पोरगा श्वास कोंडून धरतो, आतली हवा बाहेर काढत नाही, वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एका क्षणात करायला जातो आणि घोट पाण्याचा घेतो. पण बाईंनी ते वाक्य फार वरच्या पातळीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना विचारलं, तुमचं प्रवचन दर गुरुवारी असतं का.

आता फिल्टरविषयी. आमच्या टँकचं पाणी हिरवट. तळ कधी दिसायचा नाही. तळ आहे हे आम्ही श्रद्धेने मानत होतो. टँकभर एक वास असायचा, शाळेत गेल्यावरही अंगाला यायचा आणि वर्गात पोहणारी पोरं वासावरून ओळखू यायची. सगळे म्हणायचे, क्लोरीन जास्त टाकतात. एकदा एका पालकाने तशी तक्रार केली. सरांनी खिशातून तपासणीची नळी काढली, पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग बघितला आणि म्हणाले, “क्लोरीन कमी हाय. वास येतोय तो क्लोरीनचा न्हाय, तुमच्या बॅचचा हाय.” पालक चिडले. पण विज्ञान सरांच्या बाजूने होतं: निव्वळ क्लोरीनला एवढा वास नसतो. घाम आणि पोरं पाण्यात आणखी जे काही सोडतात त्याच्याशी क्लोरीन भिडला की जो नवा पदार्थ तयार होतो, तो नाकात झोंबतो. त्या दिवसापासून बॅच पाण्यात उतरण्याआधी सर एकच प्रश्न मोठ्याने विचारायचे, “बाथरूमला कोण कोण जाऊन आलं?” आणि हात वर न करणाऱ्यांकडे नुसतं बघायचे. पाण्याची गुणवत्ता सुधारली. फिल्टर तसाच राहिला.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल झालं, तेव्हा सर आम्हा सातआठ पोरांना टेम्पोत घालून तिथला टँक दाखवायला घेऊन गेले. पन्नास मीटर लांब, निळंशार पाणी, तळावरच्या काळ्या रेघा काठावरून मोजता येत होत्या. आम्ही आ वासून बघत होतो. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तळ दिसतोय की रं. पोरं भिणार की ह्यात.”

गॅलरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे बसून पोहणारे हे खाली पोहणाऱ्यांपेक्षा नेहमी वेगवान असतात. ‘पाण्यात पाहणे’ हा वाक्प्रचार ज्या कुणी काढला, त्याने बहुतेक एखाद्या टँकच्या गॅलरीत पालकांमध्ये बसून काढला. एकाच लेनमधल्या दोन पोरांच्या आया एकमेकींकडे बघून हसतात आणि खाली एकमेकींच्या पोरांना पाण्यात बघतात. बाबालोकांकडे स्टॉपवॉच असतं. पूर्वी हातात असायचं, आता मोबाईलमध्ये असतं, पण अंगठा तसाच घाई करतो: पोरगं भिंतीला हात लावायच्या आधी तो दाबला जातो आणि घरी सांगितली जाणारी वेळ दोन सेकंदांनी सुधारते. सरांच्या घड्याळातली वेळ आणि बाबांच्या घड्याळातली वेळ यांत कायम अंतर असतं. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं. “तुमच्या घड्याळात त्यो नॅशनलला जातोय. माझ्या घड्याळात त्यो अजून भिंतीपाशी यायचाय. आल्यावर बोलू.”

२००८ नंतर गॅलरीत फेल्प्स आला. बीजिंगला त्याने एका ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदकं घेतली आणि पुढच्या एप्रिलात आमच्या टँकवर फॉर्मांची रांग फाटकाबाहेर गेली. एक वडील इंटरनेटवरून सगळं वाचून आले होते. त्यांनी सरांना ऐकवलं: फेल्प्सचा कोच बॉब बोमन याने एकदा शर्यतीआधी मुद्दाम त्याच्या गॉगलवर पाय दिला होता, म्हणजे संकटात पोहायची सवय लागावी. आणि बघा, बीजिंगला दोनशे मीटर बटरफ्लायला फेल्प्सच्या गॉगलमध्ये खरंच पाणी भरलं, काही दिसेना, पठ्ठ्या नुसते हात मोजत मोजत पोहला आणि सुवर्णपदक घेतलं, तेही जागतिक विक्रमासह. असं आधुनिक ट्रेनिंग तुम्ही का देत नाही?

सरांनी शेजारून चाललेल्या एका पोराला थांबवलं. त्याचा गॉगल काढून वडिलांच्या हातात दिला. लक्ष्मी रोडला दीडशे रुपयांना मिळणारा. त्यात अर्धी वाटी पाणी होतं. “आमच्याकडं पाय द्यायला लागत न्हाय,” सर म्हणाले. “आमची पोरं पहिल्या दिवसापासनं बीजिंगचीच फायनल पवत्यात.”

सर स्वतः पाण्यात उतरत नाहीत, ही टँकवरची जुनी दंतकथा. हाफपँटची इस्त्री कधी मोडलेली कुणी बघितली नव्हती. आमच्यात दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणायचा, सरांना पोहताच येत नाही. दुसरा पक्ष म्हणायचा, येतं, पण त्यांचं पोहणं बघण्याची आपली लायकी नाही. मी पहिल्या पक्षाचा सरचिटणीस होतो. १९९२ सालच्या मे महिन्यातल्या एका सकाळी आमचा पक्ष बरखास्त झाला.

सर माझ्यावरच ओरडत होते. मी ब्रेस्टस्ट्रोकला पाय वाकडा मारत होतो आणि वाक्य असं सुरू झालं होतं, “तुझा डावा पाय कुणाकडनं उसना...” आणि ते तिथेच तुटलं. मी वर बघेपर्यंत काठावर सर नव्हते. शिट्टी वाजली नाही, आरडाओरडा झाला नाही, पाणीसुद्धा फारसं उडालं नाही. पलीकडे, बारा फुटांच्या बाजूला, छोट्या बॅचचा एक पोरगा दोरीखालून सरकून गेला होता. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा वाचवा’ म्हणतो. खऱ्यातला म्हणत नाही. ओरडायला लागणारा श्वासच त्याच्याकडे नसतो. तो उभ्या उभ्या गुपचूप खाली जातो. गॅलरीत चाळीसएक पालक बसले होते, प्रत्येकाची नजर पाण्यावर आणि प्रत्येकाची आपापल्या पोरावर. हे पोरगं कुणालाच दिसलं नव्हतं. माझा पाय दुरुस्त करत असलेल्या माणसाला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

सर वर आले तेव्हा पोरगा त्यांच्या खांद्यावर होता. त्यांनी त्याला पालथं धरलं, पाठीवर थापटलं, पोरगा खोकला, ओकला आणि मग मोठ्याने रडायला लागला, तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याला टॉवेलात गुंडाळून आयाबाईंच्या हातात दिला. हाफपँटीतून पाणी गळत होतं, मनगटावरचं एच.एम.टी. बंद पडलं होतं. ते चालत माझ्यापाशी परत आले, काठावर उभे राहिले आणि म्हणाले, “...आणलायस काय?”

वाक्य पूर्ण केल्याशिवाय सरांना चैन पडत नाही.

त्याच हिवाळ्यात माझं स्वतःचं क्रीडाजीवन बहरलं आणि पंचवीस मीटरांवर संपलं. शालेय जिल्हा स्पर्धा, पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोक, पंचवीस मीटरचा टँक, म्हणजे एकदा वळायचं. ब्रेस्टस्ट्रोकला आणि बटरफ्लायला भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लावावे लागतात. हा नियम सरांनी मला शंभर वेळा सांगितला असेल. मी वळताना आनंदाच्या भरात एक हात लावला. काठावरच्या पंचबाईंनी हात वर केला. मला ते दिसलं नाही, मी पोहत राहिलो आणि दुसरा आलो. निकाल वाचताना माझं नावच नव्हतं.

मला वाटलं, आज काही खरं नाही. सर मला बाहेरच्या गाडीवर घेऊन गेले, वडापाव घेऊन दिला, स्वतः चहा घेतला. माझा वडापाव संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, “दुसरा हात घरी राह्यलाय का?” आणि शिक्षा दिली: आठ दिवस टँकवर कुठलंही काम दोन्ही हातांनी एकदम करायचं. फाटक दोन हातांनी उघडायचं, नळ दोन हातांनी सोडायचा, नमस्कार तर दोन हातांनीच असतो म्हणून तो सूट. आज इतकी वर्षं झाली, मी अजून लिफ्टचं बटण दाबताना दुसरा हात नकळत वर उचलतो. ऑफिसात लोकांना वाटतं, याचा काहीतरी नवस आहे.

सरांचे प्रतिस्पर्धी कोण, असं विचाराल तर मी सांगेन: इयत्ता दहावी. पाचवी-सहावीत सरांची बॅच तुडुंब असते. सातवीत दोनचार पोरं खरंच चमकायला लागतात. आठवीत एकाचा क्लास सकाळचा होतो. नववीच्या जूनमध्ये मग रोज एक आई येते, हातात प्रसादाचे पेढे किंवा नुसताच अपराधी चेहरा, आणि म्हणते, “सर, यंदा जरा अभ्यासाकडे...” सर हजेरीपटात त्या नावावर आडवी रेघ ओढतात. लाल शाईने नाही, पेन्सिलीने. पेन्सिलीची रेघ खोडता येते ना. तीस-पस्तीस वर्षांत त्यांना त्यातली किती खोडावी लागली, ते मी कधी विचारलं नाही. मी स्वतः नववीच्या जूनमध्ये गेलो होतो. आईच्या हातात पेढे होते. दोन वर्षांनी त्याच आया पुन्हा फाटकात दिसतात. खेळाचे वाढीव गुण मिळायला एखादं सर्टिफिकेट चालेल का, हे विचारायला.

या लढाईत सरांच्या भात्यात बाण एकच होता: कोल्हापूरचा वीरधवल खाडे. बीजिंग ऑलिंपिकला गेलेला, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायला ब्राँझ मिळवणारा. त्याआधी आशियाई स्पर्धेत पोहण्यातलं भारताचं पदक म्हणजे खजानसिंग यांचं, १९८६ सालचं रुपं. चोवीस वर्षांचा दुष्काळ फिटला होता. सर हे सगळं सांगायचे आणि समोरची आई नुसती मान डोलवायची. मग सर हुकमाचं पान टाकायचे. “आन् आता तहसीलदार हाय त्यो. सरकारनं केला.” हे ऐकलं की आई खुर्चीत सरळ बसायची. “पोहून? तहसीलदार?” ऑलिंपिकच्या पाच रिंगणांनी जे झालं नाही, ते तहसील कचेरीच्या एका शिक्क्याने व्हायचं. पोरगा आणखी सहा महिने टिकायचा. मग घटक चाचणी यायची.

आणि ज्यांना दहावीने नेलं नाही त्यांना बेंगळुरूने नेलं. तिथे मोठे टँक, मोठे कोच, वीरधवलसुद्धा तिथेच घडला. सर म्हणतात, “हुशार पोरगं क्लासला जातंय, चांगलं पोरगं बेंगळूरला जातंय. माझ्याकडं ऱ्हातंय कोण? त्यो बांबू.”

सरांचा खरा हिरो मात्र वेगळा. आम्ही पाय मारायचा कंटाळा केला की ते इस्लामपूरकडच्या एका माणसाची गोष्ट सांगायचे. फौजेत होता, बॉक्सर होता, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालून लुळा पडला. मग पोहायला लागला आणि जर्मनीत जाऊन अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरला सुवर्णपदक घेऊन आला, वर्ल्ड रेकॉर्ड करून. “त्येचं पाय चालत नव्हतं, तरी ३७ सेकंदांत पन्नास मीटर. तुझं दोन्ही चालत्यात, ती काय चपला घालायला दिल्यात?” आमच्यापैकी कुणीही या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. असा कुणी मराठी माणूस असता तर तो पाठ्यपुस्तकात नसता का? सर रंगवून सांगतात, त्यांच्या गावाकडची काहीतरी ऐकीव गोष्ट असणार, असं आमचं ठरलं होतं.

२०१८ साली पद्म पुरस्कारांच्या यादीत मुरलीकांत पेटकर हे नाव आलं. १९७२, हायडेलबर्ग, पन्नास मीटर फ्रीस्टाईल, ३७.३३ सेकंद, सुवर्ण. मी पेपर हातात धरून स्वयंपाकघरात उभाच राहिलो. २०२४ मध्ये तर त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ नावाचा अख्खा हिंदी सिनेमा आला. सर दशांश अपूर्णांक सोडला तर सगळं खरं सांगत होते आणि तेसुद्धा तेव्हा, जेव्हा पेपरवाले काहीच सांगत नव्हते.

सिनेमा बघून आल्यावर त्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन टँकवर गेलो. सर आता पासष्टीचे. केस गेले, शिट्टी तीच. मी म्हणालो, “सर, ओळखलंत का?” त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काही लागेना. मग म्हणाले, “जरा चालून दाखव.” मी चार पावलं चाललो. “डावा पाय वाकडा. ब्रेस्टस्ट्रोक. एक हात.” मग जरा थांबून, “नाव काय म्हणालास?”

मी पेटकरांचा विषय काढला, तेव्हा आमचा विश्वास नव्हता म्हणून माफी मागितली. सर म्हणाले, “विश्वास कशाला, पाय मारायचं हुतं.”

पण सरांचे दिवस बदललेत. बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात सव्वाशे पालक आहेत आणि सर नाहीत. वरून सूचना आली आहे की मुलांशी सकारात्मक भाषेत बोलावं. एका तज्ज्ञ मॅडमनी दोन तासांचं सत्र घेतलं, सगळ्या कोचना एकेक कागद दिला. सर प्रामाणिक माणूस. त्यांनी कागद पाठ केला. पहिल्या दिवशी मी गॅलरीतून ऐकत होतो. “छान. खूप छान. बुडतोयस, पण छान बुडतोयस.” पुढच्या लेनमध्ये, “व्हेरी गुड बाळा, फक्त दिशा चुकली, ती दुसरी भिंत.” एक पोरगा नळी सोडायलाच तयार नव्हता, त्याला, “तुझी नळीवर फार चांगली पकड आहे.” सरांचा चेहरा दातदुखीच्या माणसासारखा झाला होता. पोरं गोंधळली. आपण चुकतोय की बरोबर करतोय हे त्यांना समजेना. माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, “बाबा, सर आजारी आहेत का? सारखं गुड जॉब, गुड जॉब म्हणतात.”

तीन आठवडे हे चाललं. बुडबुडे झाले, नळी सुटली, चार फुटांतून सहा फुटांत. मग आठ फुटांचा दिवस आला. बांबू आता फायबरचा झालाय, पण लांबी तेवढीच आहे आणि स्वभावही तोच. मी गॅलरीत होतो. मुलगी पाण्यात, टोक नाकापासून वीतभर. “धर.” ती झेपावली. टोक मागे गेलं. तिने मान वर करून सरांकडे जळजळीत नजर टाकली, कंबर लगेच खाली गेली, एक गटांगळी. माझा हात कठड्यावर आवळला गेला आणि तोंडातून “मान खाली!” निघालंच. सरांनी वर न बघता, सगळ्या टँकला ऐकू जाईल असं म्हटलं, “गॅलरीतल्यांनी आपला डावा पाय बघावा.” सूचनेचा कागद तिथेच पाण्यात गेला असावा, कारण पुढे काय काय ऐकू आलं ते ‘चूल’, ‘यस्टी’ आणि ‘पिशवीतली भाजी’ असं सगळं ओळखीचं होतं.

ती समोरच्या भिंतीला पोचली. बांबू धरला. दोन्ही हातांनी. सर वाकून तिला काहीतरी म्हणाले, ते मला वरून ऐकू आलं नाही. ती ओल्या पायांनी धावत जिन्यावर आली, वाटेत दोनदा घसरली, आणि अख्ख्या गॅलरीदेखत ओरडली, “बाबा! सर मला म्हैस म्हणाले!”

शेजारच्या आईने आपल्या मुलाकडे बघितलं. त्याला अजून ‘गुड जॉब’ चालू होतं.

तर सरांची उन्हाळी बॅच १ एप्रिलला सुरू होते. फॉर्म फाटकाशेजारच्या खिडकीत मिळतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, दोन फोटो आणि टोपी सक्तीची. डोक्याला तेल लावून येऊ नये, बाथरूमला जाऊन यावं. पालकांनी गॅलरीतून सूचना देऊ नयेत, हे फॉर्मवर छापलेलं नाही. ते सर तोंडी सांगतील.